बुजरा घोडा गाडीत चढत नाही? या चुका टाळा

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या वाटेवर घोडे भरलेले पिकअप आणि आयशर दिसायला लागतात. त्याच आठवड्यात कितीतरी तबेल्यांसमोर एकच खेळ चालू असतो. गाडीचा मागचा फाळका खाली पाडलेला, पुढून दोघं दोर ओढतायत, मागून दोघांनी पुठ्ठ्यांखाली, म्हणजे ढुंगणाखाली, दोरखंड घातलाय, एकाच्या हातात काठी, चौघं एकाच वेळी ओरडतायत आणि घोडा चारही पाय रोवून उभा. तासाभरानं तो चढतो, सगळे घाम पुसतात आणि काम झालं असं समजतात. पुढच्या खेपेला दोन तास लागतात, त्याच्या पुढच्या खेपेला घोडा गाडीचा आवाज ऐकूनच खुंटा उपटतो.

घोड्याची आठवण पक्की असते. गाडीपाशी त्याला जे भोगावं लागलं ते सगळं तो गाडीच्या खात्यावर मांडतो: मार, आरडाओरडा, घाटातलं वळण, डोक्याला लागलेला दांडा. म्हणून दुरुस्तीही त्याच खात्यावर, हळूहळू करावी लागते. बुजऱ्या घोड्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. रोज दोनदा, १० ते १५ मिनिटं. त्याहून जास्त वेळ रेटलं तर घोडा कंटाळतो आणि माणूस चिडतो.

जायच्या दिवशीच शिकवायला घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. त्या दिवशी माणसाला घाई असते, ड्रायव्हर घड्याळ बघत असतो आणि घोड्याला ते सगळं कळतं. गाडी शिकवायची ती कुठंही जायचं नसेल तेव्हा. गाडी स्वतःची नसेल तर भाड्यानं दोन-चार दिवस आणून तबेल्याजवळ उभी करा. तेवढं भाडं नंतर जखमेच्या टाक्यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा कमीच पडतं.

गाडी यायच्या आधीही बरंच काम होतं. १८ मिलीमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा जमिनीवर टाका आणि त्यावरून घोडा चालवा. लाकडावर टाप पडल्यावर पोकळ आवाज येतो. बऱ्याच घोड्यांची पहिली भीती त्या आवाजाची असते. मग ताडपत्री अंथरून तिच्यावरून, मग दोन बाजूंना कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या बोळातून, मग वर ताडपत्री ताणलेल्या मांडवाखालून. हे सगळं मान खाली ठेवून, दोर सैल असताना करायला लागला की मग गाडीकडे वळा.

चढायला शिकवणं आणि उतरायला विसरणं

घोडा मागं सरकत उतरतो तेव्हा त्याला मागचं टोक दिसत नाही. पाय एकदम खाली गेला की तो दचकतो, उसळी घेतो, नडगी फाळक्यावर आपटते. असं एकदा झालं की तो चढायलाच तयार होत नाही. बाहेर पडणं धोक्याचं आहे हे त्याला कळलेलं असतं. आपण मात्र ‘चढत नाही, चढत नाही’ म्हणून चढण्यावरच जोर देत बसतो.

आधी सपाट जागेवर मागं सरकायला शिकवा. छातीवर बोटांनी हलका दाब, तोंडानं एकच शब्द, ‘मागं’ म्हणा किंवा काहीही, पण नेहमी तोच. एक पाऊल मागं घेतलं की दाब लगेच काढा. मग फळीवरून एकेक पाऊल मागं. मग पुढचे दोन पाय गाडीला लावलेल्या चढायच्या फळीवर ठेवायचे, तिथंच थांबायचं आणि मागं यायचं. हे दहा वेळा करा. तिसऱ्या पायावर थांबून मागं, चारही पाय वर घेऊन थांबून मागं. घोडा आत जायला उत्सुक दिसला तरी सुरुवातीला प्रत्येक वेळी आपणच मागं आणायचं. हवं तेव्हा, सावकाश, आपल्या शब्दावर बाहेर येता येतं हे एकदा पटलं की आत जाण्याची धास्ती निम्म्यानं कमी होते.

घोड्याच्या डोळ्यानं गाडी न बघणं

घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी दिसत नाही. उन्हातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्याला सरावायला माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दुपारच्या उन्हात बंद ताडपत्रीचा पिकअप त्याला काळ्या विहिरीसारखा दिसत असणार. म्हणून ताडपत्री गुंडाळून वर टाका, उजेड गाडीच्या हौद्यात पडेल अशा दिशेनं गाडी लावा. रात्री भरायचा असेल तर दिवा आत लावा. बाहेरून टॉर्च त्याच्या डोळ्यांवर मारू नका.

इथं एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फळीपाशी आल्यावर घोडा मान खाली घालून वास घेतो, फुरफुरतो. माणसाला वाटतं तो टाळाटाळ करतोय आणि तो मोहरकी (तोंडावर बांधलेला दोर) वर खेचतो. आता घोड्याची मान आकाशात आणि पायापुढची फळी नजरेआड. जिथं पाय ठेवायचा ती जागाच दिसत नसेल तर तो पाय का ठेवेल? मान खाली घातली की दोर सोडा, हवा तेवढा वास घेऊ द्या. फळीवर त्याचीच थोडी लीद टाकली तरी काही घोडे निवांत होतात.

चढ, फरशी आणि छत

हौद्याच्या उंचीच्या तिप्पट तरी फळीची लांबी हवी. उंची ८० सेंटीमीटर असेल तर फळी २.४ मीटर. त्याहून आखूड असेल तर चढ उभा होतो आणि घोडा उडी मारायला बघतो. फळी नसेल तर गाडी शेताच्या बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला मागून लावतात, ते उत्तम. फक्त फट राहू देऊ नका, कारण खूर फटीत गेला की सगळी शिकवण वाया. फळी पाय ठेवल्यावर डुगडुगत असेल तर खाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे लावा.

हौद्याचा पत्रा नक्षीचा असला तरी मुतानं ओला झाला की बर्फासारखा होतो. रबरी मॅट सगळ्यात चांगली. नाहीतर दोन-तीन इंच ओलसर वाळू आणि वर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट. नुसता पेंढा पत्र्यावर टाकला तर तोच घसरतो. खांद्यापाशी ६२ इंच उंच घोडीनं मान उचलली की डोकं सहज सात फुटांच्या वर जातं. ताडपत्रीच्या कमानी त्याहून खाली असतील तर काढून टाका किंवा त्यांना जाड गोणपाट गुंडाळा. डोक्याला एकदा मार बसलेला घोडा आत जाताना मान झटकतो. ही खूण ओळखता आली पाहिजे.

दोर ताणून धरणं

तुम्ही ओढलं की घोडा मागं ओढणार, हा त्याचा स्वभाव आहे. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच जिंकता येत नाही. दोर तीन मीटरचा घ्या, हाताला वेटोळा कधीच मारू नका. हातमोजे घाला. डाव्या खांद्याजवळ उभं राहून हलका, सारखा ताण द्या. घोड्यानं पुढं पाऊल टाकलं किंवा नुसता भार पुढं झुकवला तरी त्याच क्षणी ताण सोडा. एका सेकंदाचा उशीर झाला तर कशाबद्दल सुटका मिळाली हे त्याला कळत नाही. तो मागं गेला तर ताण वाढवू नका आणि सोडूही नका, तेवढाच धरून त्याच्याबरोबर मागं जा. तो थांबला की सोडा, पुन्हा सुरू करा.

मागून कुणी हवाच असेल तर एकच माणूस, लाथेच्या टप्प्याबाहेर, तिरपा उभा. पुठ्ठ्यांमागचा दोरखंड आणि डोळ्यांवर पट्टी हे उपाय त्या दिवसापुरते चालून जातातही, पण पट्टी बांधलेला घोडा आत जाऊन भिंतीला धडकला तर पुढं महिनाभर दुरुस्ती करत बसावं लागतं. ओठाला दोरीचा फास आवळून चढवणं तर नकोच.

घोडा आणि केबिन यांच्यामध्ये अडकाल असे पुढं जाऊन उभे राहू नका. पिकअपला पुढून बाहेर पडायला दार नसतं. लांब दोर पुढच्या सळईतून ओवून बाहेरून हाताळा.

आधी बांधणं, मग मागचं बंद करणं

क्रम चुकल्यामुळे होणारे अपघात सगळ्यात वाईट. घोडा आत गेला, लगेच दावं बांधलं आणि मागचा दांडा अजून लागायचाय. घोडा मागं सरकतो, दावं ताणलं जातं, मानेवर दाब येतो, तो घाबरून आणखी मागं रेटतो. मग मोहरकी तुटते, नाहीतर घोडा फळीवर पाठीवर पडतो.

चढवताना: आधी मागचे दांडे, मग फाळका, शेवटी दावं. उतरवताना बरोबर उलट: आधी दावं सोडा, मग फाळका, मग दांडे. दावं थेट लोखंडी कडीला न बांधता कडीत सुतळीचा फेरा घाला आणि त्याला बांधा, म्हणजे खरोखर जीवावर बेतलं तर सुतळी तुटेल. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. दाव्याची लांबी एवढीच की तोंड चाऱ्यापर्यंत पोचेल पण पाय दाव्यात अडकणार नाही.

ड्रायव्हरला न सांगणं

गाडीत शांत चढणारा घोडा चौथ्या-पाचव्या प्रवासानंतर अचानक नकार द्यायला लागला तर दोष बहुतेक वेळा चालवण्यात असतो. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे कचकन ब्रेक दाबला की तो थेट छातीवर आपटतो. वळणावर तो पाय फाकवून तोल सांभाळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आवळून भरलेला घोडा जास्त घाबरतो. पाय फाकवायला जागाच नाही, मग तो भिंतीवर पाय मारत सुटतो. लोक म्हणतात ‘मस्ती करतोय’. बाजूचा बांबू चार-सहा इंच सरकवून बघा.

केंद्र सरकारच्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी स्पष्ट तरतुदी आहेत: एका गाडीत चार ते सहाच जनावरं, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागं दोन भक्कम आडवे दांडे, घसरणार नाही अशी फरशी, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. पुण्याहून सारंगखेडा चारशे किलोमीटरच्या आसपास. या वेगानं बारा तास धरा, वर थांबे. ‘रात्री निघू, पहाटे पोचू’ हा हिशोब घोडा बरोबर असताना चालत नाही.

सरावातही टप्पे हवेत. आत उभं राहून चारा खाणं, मग मागचं बंद करून पाच मिनिटं, मग इंजिन चालू करून पण गाडी जागेवरच, मग शंभर मीटर, एक किलोमीटर, पाच. प्रत्येक वेळी परत घरीच. शेजारी जुना, सरावलेला घोडा असला तर काम फार सोपं होतं. पण शेवटी एकट्यानंही जाता आलं पाहिजे.

मान वर बांधून तासन्‌तास नेणं

घोडा मान खाली घालून श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर काढतो. मान वर बांधलेली राहिली तर ती घाण फुफ्फुसाकडे जाते आणि प्रवासानंतर ताप, खोकला, पुढं न्यूमोनिया होतो. दर चार तासांनी थांबा, २० ते ३० मिनिटं मान जमिनीपर्यंत जाऊ द्या. चारा उंच टांगू नका, छातीच्या पातळीवर द्या आणि पाणी शिंपडून द्या, म्हणजे धूळ उडत नाही. निघायच्या आधी चंदी (दाण्याचा खुराक) भरपेट देऊ नका, सुकं गवत किंवा कडबा बरा.

पाणी हा दुसरा घोळ. घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं आणि बुजरा घोडा परक्या पाण्याला तोंड लावत नाही. चार-पाच दिवस आधीपासून घरी १५ लिटरच्या बादलीत ५० ग्रॅम गूळ विरघळवून द्या, साध्या पाण्याची बादली शेजारी ठेवून. वाटेत तोच वास, तीच बादली. चालत्या गाडीत बरेच घोडे लघवी रोखून धरतात, थांब्यावर पेंढ्यावर उभं करून थोडी शीळ घातली की मोकळे होतात.

लक्षणावरून कारण

सगळा पिकअप खुरांनी ठोकत असेल पण फक्त गाडी थांबल्यावर: अधीर आहे, चारा द्या. चालताना ठोकत असेल: तोल जातोय, जागा आणि फरशी बघा. आत जाऊन लगेच बाहेर धावत असेल: उतरण्याचे धडे पुन्हा. उभ्या गाडीतच घामानं भिजत असेल, लीद पातळ होत असेल: दोन टप्पे मागं जा. एरवी शांत असलेला घोडा मागच्या पायानं फळीवर चढायला का-कू करत असेल तर नाल, गुडघे आणि पाठ तपासा. ते दुखणं असतं, शिकवणीनं जात नाही. पायांना पट्ट्या बांधणार असाल तर आठवडाभर आधी तबेल्यात बांधून बघा, नाहीतर पट्टीलाच लाथा झाडत बसतो.

गुंगीचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. गुंगीतल्या घोड्याचा तोल आधीच जातो आणि वरवर झोपलेला घोडा अचानक लाथ मारू शकतो. एसप्रोमाझिन या गुंगीच्या औषधानं नर घोड्याचं लिंग आत न जाण्याचा, कधी कायमचा, धोका असतो. लागलंच तर पशुवैद्यक ठरवतील, मात्राही तेच देतील.

त्यांच्याकडेच प्रवासाला योग्य असल्याचा दाखलाही घ्यायचाय. जत्रेला जाणार असाल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी वेळेत करा. हा रोग माणसालाही होतो आणि अहवाल यायला दिवस जातात.

पोचल्यावर लगेच चंदी नको. आधी पाणी, थोडं चालवणं, मग गवत. थर्मामीटर जवळ ठेवा. निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा आणि १०१.५ च्या वर गेलं, चारा सोडला किंवा खोकला सुरू झाला तर परतीची गाडी रद्द करून डॉक्टरांना बोलवा.