लघवीवरचा ताबा सुटतोय? या चुका टाळा

शिंक आली की दोन थेंब सुटतात, किंवा लागली की दार गाठेपर्यंतही धीर निघत नाही. यावर घरोघरचा पहिला उपाय ठरलेला: पाणी तोडायचं. एसटीचा लांबचा प्रवास असला की बायका सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. स्टँडवरची स्वच्छतागृहं पाहिली की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, पण त्रास वाढतो तो इथेच. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि थोडी साठली तरी जोराची लागते. वर बद्धकोष्ठ होतं आणि कुंथून कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैलावतात. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, झोपायच्या आधी दोन तास हात आखडा. तोडायचाच तर चहा तोडा.

‘असू दे, जाऊन येते’ म्हणत लागलेली नसताना सारखं जाणंही नको. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिली लघवी मावते. सतत रिकामं केलं की त्याला थोडक्यातच ओरडायची सवय लागते. कळ आली तर धावू नका. बसा, स्नायू आवळा, कळ ओसरली की जा. जमेल तसं दोन वेळांमधलं अंतर पंधरा मिनिटांनी वाढवत न्या.

हे आवळणं म्हणजेच केगेल व्यायाम. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. मोबाइलवर बघून करताना मात्र पोट आत ओढलं जातं, मांड्या ताठतात, श्वास कोंडतो आणि हवे ते स्नायू ढिम्म राहतात. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, ते हे स्नायू. पोटावर हात ठेवा. पोट ताठ होता कामा नये. पाच मोजेपर्यंत आवळा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करू नका, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडूनही देऊ नका, तीन महिने तरी द्या. जमतंय की नाही कळत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळायची सवय लावली तर थेंब बरेचदा अडतात.

आजोबांचं थेंब थेंब गळायला लागलं की घरात थेट डायपर येतो. प्रोस्टेट वाढल्यामुळे मूत्राशय रिकामंच होत नसेल आणि भरून सांडत असेल, तर डायपरनं दुखणं फक्त झाकलं जातं. आधी तपासणी. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्याही बघा: लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री फेऱ्या होणारच. वेळ डॉक्टरांना विचारून बदला, गोळी परस्पर बंद करू नका.

‘दोन बाळंतपणं झाली, आता हे चालायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं पॅडवर काढणं मला सगळ्यात खटकतं. किती वेळा गेलात, कधी गळलं, काय प्यायलात हे तीन दिवस वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीत रक्त दिसलं किंवा जळजळ होऊन ताप आला तर वहीसाठी थांबू नका. कंबरदुखीबरोबर मांड्यांमधला भाग बधिर होऊन ताबा अचानक गेला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.