आधी पाणी, मग रंग: कोकणातले जुने घर दुरुस्त करताना या चुका टाळा

जांभ्याच्या भिंती, दर्जांमध्ये (चिऱ्यांमधल्या सांध्यांत) माती नाहीतर चुना, वर मंगलोरी कौले. असे घर सत्तर-ऐंशी पावसाळे काढते, आणि नेमके दुरुस्ती झाल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या भिंती सोलवटायला लागतात. दोष गवंड्याच्या हाताचा कमी आणि कामाच्या क्रमाचा जास्त असतो. फरशी, ओटा आणि रंग यांवर पैसे आधी जातात; छप्पर, ओल आणि वायरिंग मागे राहते. मग तीच नवी फरशी फोडून पाइप शोधायची वेळ येते.

ओल कुठून येते हे न पाहता सिमेंटचा गिलावा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि दर्जांमधल्या मातीतून, चुन्यातून हवेत निघून जाते. वर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ही वाट बंद होते. पाणी आणखी वर चढते, सोबत क्षार आणते आणि गिलाव्याच्या मागे लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुलतो. गिलावा आधी पोकळ वाजतो, मग पापुद्र्यांनी सुटतो. आतून वॉटरप्रूफिंगचा लेप लावला तरी पाणी थांबत नाही, फक्त डाग दोन फूट वर सरकतो.

आधी निदान करा. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत सलग पट्टा ओला असेल तर ओल पायातून चढते आहे. डाग वरून खाली ओघळला असेल तर छप्पर किंवा वळचण गळते आहे. शंका असेल तर भिंतीवर दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे आणि तिला खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय.

पायातून येणाऱ्या ओलीचे खरे कारण पुष्कळदा घराबाहेर सापडते. अंगणात वर्षानुवर्षे भर पडत जाते, त्यावर कोबा किंवा पेव्हर ब्लॉक बसतात, आणि जोते अर्धे जमिनीत जाते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५ ते २० सेंटीमीटर खाली उतरवा, भिंतीपासून दूर उतार द्या आणि पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत चर काढून पाणी बाहेर काढा. कित्येक घरांत एवढ्यानेच निम्मी ओल कमी होते.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा आणि दर्जा २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडा. जाड भिंत महिन्याला जेमतेम इंचभर वाळते, म्हणजे दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी तिला आठ-नऊ महिने लागतात. एवढे थांबणे कोणालाच जमत नाही. पण चुन्याचा गिलावा थोड्या ओलीवरही टिकतो, सिमेंट टिकत नाही. गिलावा काढायचे काम दिवाळीनंतर लगेच घ्या आणि नवा मार्चमध्ये चढवा, म्हणजे पावसाआधी त्याला धरायला वेळ मिळतो.

नुसता कळीचा चुना ओल्या जागी आतपर्यंत घट्ट होत नाही, त्यात सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) हवी. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू हे प्रमाण चालते. चुना निदान दोन-तीन आठवडे भिजलेला हवा. न विरलेले खडे राहिले तर ते नंतर भिंतीत फुगून गिलाव्याला फोड आणतात. १० ते १२ मिलिमीटरचे दोन थर द्या, उन्हापासून झाका, ओल्या गोणपाटाने आठवडाभर ओलावा टिकवा. वर चुन्याची सफेदीच द्या, प्लास्टिक पेंट नको. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा असू द्या.

आणि वाळू. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून घेतली तर मीठ तुम्ही स्वतःच भिंतीत भरता. नदीची वाळू किंवा धुतलेली क्रश सँड घ्या.

कौले काढून स्लॅब

‘दरवर्षीच्या शाकारणीची कटकट नको’ म्हणून हा विचार सुचतो. हिशेब असा: एका चौरस मीटरला मंगलोरी कौले साधारण १५ लागतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. त्यात वासे-रिपा धरा. पाच इंची स्लॅब त्याच चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातो आणि त्यावरचा वॉटरप्रूफिंगचा कोबा वेगळा. मातीच्या दर्जांत बांधलेली भिंत या वजनासाठी बांधलेली नाही. स्लॅब हवाच असेल तर स्वतंत्र पाया आणि कॉलम उभे करावे लागतात, आणि मग ते दुरुस्तीचे नाही, नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक होते.

छपरात आधी वाशांची टोके तपासा, कारण सडणे भिंतीत शिरलेल्या टोकापासून सुरू होते. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा: सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. पूर्ण वासा बदलायची गरज बहुधा नसते. सडका भाग कापून त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तिरका सांधा बोल्टने जोडता येतो. साग, फणस, ऐन, किंजळ यांपैकी जे मूळ घरात आहे तेच वापरा.

नवी आणि जुनी कौले एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एकाच उतारावर, मिसळू नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत काही मिलिमीटरचा फरक असतो, खाचा बसत नाहीत आणि पाणी तिथूनच आत येते. जुनी एका पाख्यावर, नवी दुसऱ्यावर घाला. रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. दहा कौले खाली मांडून एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, मधले माप घ्या. फुटतूट धरून दहा टक्के कौले जास्त मागवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर किती छपरे उडवली ते आठवत असेल, तर वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्यावरची कौले तारेने बांधून घ्या. वाऱ्याने पहिली तीच उचलली जातात.

भिंत पाडून हॉल मोठा करणे

ओटी आणि माजघर एक करायचे असते. इथे भिंतच घर पेलते, आत कॉलम नसतो. वर तुळई टेकलेली असेल किंवा भिंत नऊ इंचांहून जाड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हात लावू नका. आधी दोन्ही बाजूंना टेकू, मग लोखंडी तुळई, तिला दोन्ही टोकांना निदान २० सेंटीमीटर टेक आणि टेकीखाली काँक्रीटचा ठोकळा. ठोकळा नसेल तर जांभा चिरडतो आणि वरच्या भिंतीला तिरकी चीर जाते.

वायरसाठी आडवी खाच पाडणे हीही तीच चूक, लहान मापात. अशा भिंतीत आडवी खाच टाळाच. उभी पाडली तरी जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको. केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची पट्टी) दिसायला साधी दिसते, पण भिंत शाबूत राहते. दिव्यांना १.५, प्लगना २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवे अर्थिंग. जुन्या घरात अर्थिंगची वायर असते, ती जमिनीत कुठेच पोचलेली नसते.

वाळवी आणि शोषखड्डा

वरून फवारून वाळवी जात नाही. फरशी-भिंतीच्या सांध्यावर फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध जिरवावे लागते, प्रत्येक भोकात कमाल एक लिटर. हे नव्या फरशीआधी करा. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावायची जुनी पद्धत आहे, पण ते कातडी भाजते; हातमोजे घाला.

नवे संडास आतल्या बाजूला घेताना शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर ठेवा. जांभ्याच्या जमिनीतून पाणी झपाट्याने झिरपते.

कागद नंतर बघू

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घराला स्वामित्व योजनेचे मालमत्ता पत्रक निघाले आहे का ते पाहा, इतर जमिनीचा सातबारा आणि फेरफार वाचा. वारसांची नावे लागलेली नसतील किंवा सामाईक घरात एकाच भावाने सही केली असेल, तर वीस लाखांची दुरुस्ती नंतर भाऊबंदकीत अडकते. गोव्यात घर घेत असाल तर विकणाऱ्याच्या पत्नीची किंवा पतीची सहीही लागते. तिथल्या नागरी संहितेत मालमत्ता सहसा दोघांची धरली जाते. किनाऱ्याजवळ सीआरझेड (किनारी बांधकामांवरचे नियम) लागू होतो, तिथल्या ना-विकास पट्ट्यात मूळ जोत्याबाहेर वाढ चालत नाही.

विकण्यासाठीच घर घेतले असेल तर तारखा जपा. २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळून नेहमीच्या दराने कर लागतो. त्यानंतर इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्याय वापरू शकते. छप्पर, वायरिंग, मजबुतीकरण यांचा खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो, पण बिल असेल तरच. गवंड्याला हातात दिलेली रोकड त्या हिशेबात येत नाही. बिलांसोबत गिलाव्याआधीचे भिंतींचे फोटोही टेप धरून काढून ठेवा. कुठला पाइप कुठून गेला हे घेणारा विचारतोच.