जागतिक इतिहासाच्या संज्ञा: आधी माणसं, मग व्याख्या

अकरावी-बारावीला मी इतिहास शिकवते. जागतिक इतिहास सुरू झाला की मुलं पहिल्याच आठवड्यात वहीच्या मागच्या पानांवर व्याख्या उतरवून मोकळी होतात. माझा आग्रह उलटा असतो. एक देश घ्या, एक वर्ष घ्या आणि त्या संज्ञेखाली कोण भरडलं जात होतं ते आधी शोधा.

सरंजामशाहीपासून सुरुवात करू. १७८९ चा फ्रान्स. तिजोरीत खडखडाट झाल्यावर राजा सोळाव्या लुईने इस्टेट्स जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली, १६१४ नंतर पहिल्यांदाच. सभेसाठी गावोगावी तक्रारींच्या वह्या लिहिल्या गेल्या. त्यांत मिठावरचा कर आहे, चर्चला द्यावा लागणारा दशांश आहे आणि कबुतरंही आहेत! कबुतरखाना बाळगण्याचा हक्क बऱ्याच भागांत जमीनदाराचा. त्याची कबुतरं पेरलेलं बी वेचून खाणार आणि शेतकऱ्याने ती मारायची नाहीत. ४ ऑगस्टच्या रात्री, याच सभेतून बनलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढायचं ठरवलं. त्यातून जे हुकूम निघाले, त्यांत कबुतरखान्यांचं कलम दुसऱ्याच क्रमांकावर आहे. एवढं वाचलं की ‘विशेषाधिकार’ म्हणजे काय, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

याच वह्या म्हणजे ‘प्राथमिक साधन’, त्या काळातच तयार झालेला पुरावा. पण लिहिणारा हात कोणाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनेक ठिकाणी मसुदा गावातल्या शिकलेल्या माणसाने, एखाद्या वकिलाने केलेला असायचा. भूमिहीन मजुराचं गाऱ्हाणं त्यात कितपत उतरलं असेल?

साम्राज्यवाद आणि वसाहतवाद यांत हमखास गल्लत होते. दोन देश शेजारी ठेवा. अल्जीरियावर फ्रान्सने १८३० मध्ये हल्ला केला. पुढे युरोपीय लोक तिथे जाऊन वसले, जमिनी बळकावल्या आणि कारभार थेट फ्रेंचांच्या हातात राहिला. ही वसाहत. चीनमध्ये सम्राट गादीवरच होता. तरी अफूच्या युद्धात हरल्यावर १८४२ च्या नानकिंगच्या तहाने त्याला हाँगकाँग द्यावं लागलं आणि पाच बंदरं ब्रिटिश व्यापाराला खुली करावी लागली. हाँगकाँग वसाहत झालं. बाकीचा चीन वसाहत न होताही साम्राज्यवादाच्या पकडीत आला.

कारणांचे प्रकार लिहिताना तारखा मांडा. पहिलं महायुद्ध घ्या. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची साराजेव्होतली हत्या २८ जून १९१४ ची, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. हत्या हे तात्कालिक कारण. त्या एका महिन्यात एकेक देश का ओढला गेला, हे शोधत गेलात की लष्करी करार, शस्त्रस्पर्धा, राष्ट्रवाद ही दूरगामी कारणं आपोआप हाती लागतात.

दिनदर्शिकेकडेही लक्ष असू द्या. रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली; रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या दिनदर्शिकेत मात्र अजून ऑक्टोबरच होता.

वहीत प्रत्येक संज्ञेला एक पान द्या: देश, वर्ष, फायदा कोणाचा, भार कोणावर. खालचं अर्धं पान दुसऱ्या देशासाठी कोरं ठेवा. सरंजामशाहीच्या पानावर तिथे जपान येईल. १८७१ मध्ये मेइजी सरकारने सरंजामदारांचे प्रांत खालसा केले. फ्रान्समध्ये ते काम सभेने केलं, इथे सम्राटाच्या नावाने सरकारने. हा फरक नोंदवून झाला की व्याख्या लिहायला घ्या.