मुलांचे जंत पुन्हा पुन्हा होतात? या चुका टाळा

गोळी दिली, काही दिवस बरे गेले आणि महिना-दीड महिन्यात मूल पुन्हा रात्री रडत उठून शीची जागा खाजवायला लागलं. मग घरात सगळे म्हणतात, औषध लागू पडत नाही. औषध बहुतेक वेळा लागू पडलेलं असतं. गोळीनंतर घरात जे करायला हवं, ते राहून गेलेलं असतं.

हे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती हजारो अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. खाजवलं की अंडी नखांत जातात आणि नखांतून पुन्हा तोंडात. चादरीवर, खेळण्यांवर ती दोन-तीन आठवडे टिकतात.

म्हणूनच एकाच डोसवर थांबणं ही सगळ्यात मोठी चूक. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध पोटातले जंत मारतं, पण अंड्यांचा त्याने खात्रीने नाश होत नाही. दोन आठवड्यांनी दुसरा डोस हवाच. नेहमीचं प्रमाण 2 वर्षांपुढे 400 मिलिग्रॅम, 1 ते 2 वर्षांत 200 मिलिग्रॅम. तरी पहिल्यांदा देताना डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मनाने देऊच नका. शाळेत जंतनाशक दिनाला मिळते तीही एकच गोळी, आणि ती मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी असते.

फक्त खाजवणाऱ्या मुलाला औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. कुणी गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

चादरी झटकू नका, अंडी घरभर उडतात. तशाच गुंडाळून गरम पाण्यात धुवा. मुलाची आंघोळ संध्याकाळवर ढकलू नका. रात्री घातलेली अंडी सकाळीच धुऊन जायला हवीत. चड्डी रोज बदला, नखं कापलेली ठेवा.

शी तपासून काही निघालं नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. ही अंडी शीत क्वचितच सापडतात. सकाळी उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून डॉक्टरांकडे न्या.

आणि मुलाचं गोड तोडू नका. गोडाने जंत होत नाहीत, आणि त्या बोलण्याने लेकरू उगाच ओशाळतं.

शीत रक्त, सततची पोटदुखी, वजन न वाढणं, किंवा मुलीला लघवीला जळजळ असेल तर घरी उपाय करत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.