गॅरेजला जमिनीखालून लाईट नेताय? या चुका टाळा

घरापासून सुटं गॅरेज असलं की लोकांना वाटतं त्यात काय, चर खणायचा, पाईप टाकायचा, वायर ओढायची, संध्याकाळी बल्ब लागला पाहिजे. बल्ब लागतोही, तीच तर पंचाईत आहे, कारण काम चुकलं तरी बल्ब लागतोच.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अर्थिंगवरून. घरातून फक्त फेज-न्यूट्रल न्यायचा, गॅरेजपाशी एक रॉड ठोकायचा आणि म्हणायचं झालं अर्थिंग. एका ओळखीच्यांचं शटर पावसाळ्यात हाताला झिणझिण्या द्यायचं. शटर ओलं होतं म्हणून असेल, असं म्हणत त्यांनी हँडलला रबर गुंडाळलं होतं! बघितलं तर ग्राइंडरच्या मोटरमध्ये ओल शिरून करंट बॉडीत उतरत होता, शटरची फ्रेम त्याच अर्थला जोडलेली, आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मस्त झोपलेला. अहो तो पडणार कसा? रॉडचा रेझिस्टन्स २५ ओहम धरा, २३० व्होल्टचा फेज सरळ बॉडीला टेकला तरी जेमतेम ९ अँपिअर वाहतात, आणि एमसीबी २० चा, त्याला वाटतं ग्राइंडर चाललाय. घराच्या डीबीतून (स्विचांच्या मुख्य पेटीतून) अर्थची वेगळी वायर आणली, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, लावला, ग्राइंडर चालू करताच तो पडला, तेव्हा कुठे मालकांना पटलं.

याच्या उलट हुशारी म्हणजे गॅरेजच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधणं. अर्थची वायर नेलीय ना, मग तिथे दोन्ही वेगळेच ठेवा, नाहीतर न्यूट्रल लूज झाला की सगळा रिटर्न करंट अर्थवरून जातो.

चर वीतभर खणून भागत नाही, पुढे कोणीतरी झाड लावायला कुदळ मारतंच. दोन-अडीच फूट जा, खाली-वर वाळू, आणि केबलच्या फूटभर वर वॉर्निंग टेप. बुजवायची घाई तर अजिबात नको. मी आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारतो, मग भिंतीपासूनची मापं दिसतील असे फोटो काढतो, त्यानंतरच माती, मग मालक कितीही घड्याळ बघोत.

पाईपमध्ये पाणी साचतंच, कितीही सील करा, त्यामुळे घरातली साधी वायर चालणार नाही, ओलाव्यात चालणारी केबलच हवी. जमिनीखाली टेपचा जॉइंट नको म्हणजे नको. मेन बंद न करता डीबीला हात लावू नका, आणि शेवटचं कनेक्शन लायसन्सवाल्याकडूनच घ्या.

वायर बारीक घेणारेही खूप. ४० मीटरवर २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून १६ अँपिअर ओढले की साडेनऊ व्होल्ट वाटेतच जातात, कॉम्प्रेसर स्टार्ट होताना त्याहून कितीतरी जास्त. मी एक साईज वरची टाकतो, हिशेब करत बसत नाही.

आणि इंटरनेटची केबल त्याच पाईपात कोंबू नका. चर उघडाच आहे तर थोडं अंतर सोडून दुसरा पाईप टाका, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा.