द ब्रॉड बघताना या चुका टाळा. निदान लिफ्टने तरी उतरू नका

लॉस एंजेलिसला आमच्याकडे कुणी आलं की मी त्यांना ग्रँड अॅव्हेन्यूवरच्या 'द ब्रॉड' या समकालीन कलेच्या संग्रहालयात हौसेने नेतो. दरवेळी त्याच चुका बघून जीव हळहळतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लिफ्टने खाली येणं. वर जाताना १०५ फुटी सरकता जिना थेट तिसऱ्या मजल्यावर नेतो, तो कुणाचा चुकत नाही. गंमत उतरताना आहे. डिलर स्कोफिडिओ + रेनफ्रो या वास्तुकारांनी संग्रहाचं कोठार तळघरात दडवलं नाही, इमारतीच्या पोटातच ठेवलं. त्याला 'व्हॉल्ट' म्हणतात. बाहेरची भोकाभोकांची पांढरी जाळी म्हणजे 'वेल' (veil, बुरखा). उतरायचा जिना या कोठारातूनच जातो आणि त्याला खिडक्या आहेत. माझा मावसभाऊ "झालं बघून" म्हणत लिफ्टने तळमजल्यावर पोचला. मी त्याला हाताला धरून परत वर नेलं आणि जिन्याने उतरवलं. खिडकीपाशी तो थबकला. आत जाळीच्या उभ्या रॅकवर चित्रं ओळीने टांगलेली, अंधुक उजेडात. काचेला कपाळ टेकवून तो किती वेळ उभा होता! गुडघे दुखत असतील तर लिफ्ट जरूर घ्या. नुसती घाई असेल, तर नको.

दुसरी चूक: फुकट आहे म्हणजे कधीही जाऊन धडकावं. प्रवेश फुकट असला तरी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा. सोमवारी बंद असतं. खास प्रदर्शनाला वेगळं तिकीट लागू शकतं.

जपानी कलाकार यायोई कुसामाच्या आरशांच्या खोलीसाठीही वेगळी वेळ घ्यावी लागते, हे लोकांना दारात कळतं. आत मिळतो जेमतेम एक मिनिट, आणि तोही बहुतेकांचा मोबाइलवर चित्रण करण्यात जातो. मी मोबाइल खिशात ठेवूनच आत जातो. आरशांत दिवे कुठवर जातात ते डोळ्यांनीच बघायचं असतं.

तिसऱ्या मजल्यावर मान वर करा. सुमारे ३५,००० चौरस फुटांत एकही खांब नाही आणि छताला ३१८ झरोके. त्यांची तोंडं उत्तरेला, म्हणून चित्रांवर थेट ऊन पडत नाही. एवढा सुरेख उजेड असताना फ्लॅश कशाला मारायचा? तशी परवानगीही नाही.

पार्किंग शोधत फिरू नका. २०२३मध्ये शेजारीच मेट्रोचं स्टेशन झालंय.

समोरचं 'मोका' हे समकालीन कलेचं दुसरं संग्रहालयही फुकट आहे, पण दोन्ही एका दुपारी उरकू नका. त्यापेक्षा 'द ब्रॉड'मध्येच शिल्पकार रॉबर्ट थेरियनचं जवळपास दहा फूट उंचीचं टेबल मांडलेलं असेल, तर त्याच्याखाली जाऊन उभे राहा. चार वर्षांचं मूल जेवणाच्या टेबलाखालून जे बघतं, ते दिसेल.