पीआयडीला (गर्भाशय, ट्यूब, ओव्हरीच्या इन्फेक्शनला) अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे रिपोर्टची वाट बघत बसणं. तरुण बाई, लैंगिक संबंध आहेत, ओटीपोट दुखतंय, तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवलं की कळ जाते, दुसरं कारण सापडत नाही, मग अजून काय पाहिजे? यूपीटी म्हणजे लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा (गर्भनलिकेतली, म्हणजे ट्यूबमधली प्रेग्नन्सीपण अशीच दुखते), गर्भाशयाच्या तोंडाचा स्वॅब पाठवा आणि औषध त्याच दिवशी चालू करा. स्वॅब निगेटिव्ह आला की कोर्स बंद करणारे तर थोरच, वर ट्यूबमध्ये काय शिजतंय ते खालच्या स्वॅबमध्ये दिसेलच असं नाही.

दुसरी चूक अर्धवट कोर्सची, आणि हिच्यावर मी कितीही बोलू शकते. घरी उपचार करायचे तर सेफ्ट्रायॅक्सोन ५०० मिग्रॅ स्नायूत एकदाच, सोबत डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ, दोन्ही दिवसातून दोनदा, १४ दिवस. "बरं वाटेपर्यंत" नाही. एक पेशंट दुसरीकडून आलेली, इंजेक्शन झालं, चार दिवसांत दुखायचं थांबलं, मेट्रोनिडाझोलने तोंड कडू आणि मळमळ, म्हणून गोळ्या दिल्या सोडून. माझ्याकडे आली तेव्हा तापाने फणफणलेली, सोनोग्राफीत ट्यूब आणि ओव्हरीला चिकटून पूचा गोळा. ऍडमिट केली, शिरेतून औषधं चालू केली, तरी शेवटी पू काढावा लागला. "पण मला तर बरं वाटत होतं ना," हेच ती म्हणत राहिली, आणि तिला दोष कसा द्यायचा, चिठ्ठीवर दिवस खरडून पुढचा पेशंट बोलावणाऱ्याने तिला काही सांगितलंच नव्हतं. मी शेवटच्या गोळीची तारीख पेनाने स्ट्रिपवरच लिहून देते आणि तोंड कडू होणार हे आधीच सांगून टाकते. डॉक्सी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी.

नुसतं सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सॅसिन) देऊन मोकळे होऊ नका, गनोरिया (लैंगिक संबंधातून लागणारं, पीआयडीमागचं एक इन्फेक्शन) त्याला आता जुमानत नाही.

प्रेग्नंट असेल तर डॉक्सी नाही, सरळ ऍडमिट.

पार्टनर! मागच्या ६० दिवसांतल्या सगळ्यांना तपासा आणि औषध द्या, त्यांना काही त्रास नसला तरी. नाहीतर तीच बाई तेच दुखणं घेऊन परत दारात.

७२ तासांत फरक नाही पडला तर अँटिबायोटिक बदलून बघूया हा शॉर्टकट नको, बोलवा, परत तपासा, सोनोग्राफी करा, ऍडमिट करा. कॉपर टी असेल तर काढायचा विचारही तेव्हाच, पहिल्याच दिवशी ओढून काढायची घाई कशाला?